चारचौघांत बोलण्याची धास्ती आणि गटातील रोल-प्ले : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीतील एका माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी आम्ही दोघे, एक समुपदेशक आणि एक मराठीच्या शिक्षिका, शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर एक छोटा गट चालवतो. वर्गात उत्तर देण्याची, शंका विचारण्याची, दुकानदाराशी किंवा पाहुण्यांशी बोलण्याची ज्यांना मनापासून धास्ती वाटते, अशी मुले या गटात येतात आणि रोजच्या जगण्यातले प्रसंग एकमेकांसमोर करून पाहतात. पालक, शिक्षक आणि स्वतः मुले आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

रोल-प्ले म्हणजे नाटकच ना?

नाटकाशी त्याचे नाते आहे, पण ते नाटक नाही. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत याला भूमिकापालन म्हणतात. मुले मात्र रोल-प्ले असेच म्हणतात, म्हणून आम्हीही तोच शब्द ठेवला आहे. नाटकात संहिता असते, पाठांतर असते, प्रेक्षक असतात आणि प्रयोग रंगला की पडला याची चर्चा होते. आमच्या गटात यांपैकी काहीच नसते. एक मुलगा वाण्याच्या दुकानात जुनी तारीख असलेला बिस्किटाचा पुडा परत करायला आला आहे आणि दुसरा मुलगा दुकानदार झाला आहे, एवढाच प्रसंग ठरलेला असतो; कोण काय बोलणार हे दोघांनाही आधी माहीत नसते.

सांगलीत ही गोष्ट समजावणे सोपेही जाते आणि अवघडही. सोपे अशासाठी की, ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने येथे ‘सीता स्वयंवर’ सादर केले, तेव्हा पात्रांच्या हातात लिहिलेली भाषणे नव्हती. सूत्रधार पदे म्हणत असे आणि त्या पदांच्या आधारावर पात्रे आपापले बोलणे आयत्या वेळी, स्वतःच्या शब्दांत करत. आमच्या गटातील पद्धत तिच्याच जवळची आहे. अवघड अशासाठी की, नाट्यपंढरीचा अभिमान बाळगणाऱ्या या गावात रोल-प्ले म्हटले की पालक पहिल्यांदा विचारतात, “मग गॅदरिंगमध्ये काम मिळेल का?” मिळालेच तर आनंद आहे, पण गट त्यासाठी नाही.

आमचा मुलगा मुळातच लाजाळू आहे. त्याला आजार म्हणायचे का?

म्हणू नये. लाजाळूपणा हा स्वभावाचा एक रंग आहे. लाजाळू मूल नव्या ठिकाणी सुरुवातीला आईच्या मागे उभे राहते, थोड्या वेळाने पुढे येते आणि निघताना त्याचा पाय तेथून निघत नाही. सामाजिक भीतीचे तसे नसते. तेथे ‘लोक माझ्याकडे पाहतील, मी चुकेन, हसे होईल’ ही धास्ती प्रसंगाच्या कितीतरी दिवस आधी सुरू होते, प्रसंगात शरीर ताब्यात राहत नाही आणि प्रसंग संपल्यावरही ‘मी असे का बोललो’ याचा रवंथ रात्रभर चालतो. मुख्य खूण म्हणजे या धास्तीमुळे मूल हव्याहव्याशा गोष्टी सोडू लागते. सहलीचे पैसे भरत नाही, ज्या विषयाची आवड आहे त्यातली शंकाही विचारत नाही, डबा एकटे खाते.

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत ही अवस्था १९८० साली प्रथम स्वतंत्रपणे नोंदवली गेली. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीनुसार असा त्रास साधारण सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकलेला असावा लागतो. मुलांच्या बाबतीत आणखी एक अट आहे : ही भीती समवयस्कांमध्येही दिसली पाहिजे, केवळ मोठ्या माणसांसमोर नव्हे. मुख्याध्यापकांच्या खोलीत ज्याची बोबडी वळते, पण मधल्या सुट्टीत मैदान दणाणून सोडतो, त्याला हा त्रास नाही. निदान करणे मात्र मानसोपचारतज्ज्ञाचे किंवा चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाचे काम आहे. आम्ही गटात कोणाच्याही कपाळी नाव चिकटवत नाही.

वय वाढले की ही भीती आपोआप जात नाही का?

काहींची जाते. पुष्कळांची जात नाही, आणि त्याचे कारण भीतीच्या जोरापेक्षा ती टाळण्यातून मिळणाऱ्या सुखात अधिक आहे.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. इंग्रजीच्या तोंडी परीक्षेच्या दिवशी सकाळी नववीतल्या मुलीच्या पोटात दुखू लागते. दुखणे खोटे नसते, भीतीने पोट खरोखरच ढवळते. आई म्हणते, आज राहू दे शाळा. दहा मिनिटांत दुखणे थांबते आणि मुलीला फार हलके वाटते. या हलकेपणाची किंमत मोठी असते, कारण मन त्यातून एक चुकीचा धडा घेते : ‘गेले असते तर फजिती झाली असती, गेले नाही म्हणून वाचले.’ गेली असती तर खरोखर काय झाले असते, हे तिला कधीच कळत नाही. पुढच्या वेळी पोट आणखी लवकर दुखते. हा त्रास बहुधा आठ ते पंधरा या वयात सुरू होतो, म्हणजे नेमका ज्या वर्षांत नवे वर्ग, नवे शिक्षक, नवे मित्र आणि दहावी एकामागून एक समोर येतात, त्याच वर्षांत टाळण्याची सवय मुरते.

एकट्या समुपदेशकाशी बोलून भागणार नाही का? गट कशासाठी?

काही मुलांसाठी सुरुवात एकट्यानेच करावी लागते आणि आम्हीही तशी करतो. पण समुपदेशकाची खोली ही या मुलांसाठी मुळात सर्वांत सोपी जागा असते : समोरचा माणूस मोठा, समजूतदार, न हसणारा. खरी धास्ती वाटते ती आपल्याच वयाच्या पोरांची. पोहणे शिकायला ज्याप्रमाणे पाण्यातच उतरावे लागते, त्याप्रमाणे समवयस्कांची भीती समवयस्कांमध्येच कमी होते, आणि गट हे त्यातले कमरेएवढे पाणी आहे.

दुसरा फायदा आम्हाला स्वतःला उशिरा उमगला. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाला वाटत असते की, असे आपल्यालाच होते. शेजारच्या तुकडीतला, दिसायला बिनधास्त असलेला मुलगा जेव्हा सांगतो की फोन वाजला तरी तो उचलत नाही, कारण पलीकडून कोण बोलेल हे ठाऊक नसते, तेव्हा खोलीतली हवाच बदलते. हे काम आमच्या दहा व्याख्यानांनी होत नाही.

एका सत्रात नेमके काय घडते?

गटात सहा ते आठ मुले असतात आणि आम्ही दोघे. वेळ सुमारे एक तास. पहिल्याच सत्रात प्रत्येक मूल स्वतःची ‘भीतीची शिडी’ लिहिते. सर्वांत खालच्या पायरीवर ज्याची थोडीशीच धास्ती वाटते तो प्रसंग, सर्वांत वरच्या पायरीवर ज्याच्या नुसत्या विचाराने घाम फुटतो तो. प्रत्येक प्रसंगाला शून्य ते दहा यांपैकी एक आकडा द्यायचा. एकाच्या शिडीवर ‘परिपाठात सुविचार सांगणे’ नऊवर असते, तर दुसरीच्या शिडीवर ते चारवर आणि ‘लग्नात मावशीने टक्के विचारणे’ नऊवर. शिडी ज्याची त्याची असल्यामुळे मुलांची आपसांत तुलना होत नाही.

नंतरच्या सत्रांत एकेका मुलाचा प्रसंग घेतला जातो. समजा, एका मुलाला गणिताच्या तासाला “सर, ही पायरी कळली नाही” असे म्हणायचे आहे आणि त्याने सहा हा आकडा दिला आहे. आम्ही त्याला आधी विचारतो, काय होईल असे तुला वाटते? तो सांगतो, सर म्हणतील ‘आत्ताच सांगितले ना, लक्ष कुठे होते’, आणि सगळे हसतील. हे अंदाज फळ्यावर त्याच्याच शब्दांत लिहिले जातात. मग तो सांगेल तो ‘सर’ होतो, बाकीचे वर्ग होतात आणि प्रसंग दीड-दोन मिनिटांत होऊन जातो. प्रसंग संपताच तो फळ्याकडे वळून पाहतो : कोण हसले? सर काय म्हणाले? त्यानंतर भूमिका बदलतात. शंका विचारणारा स्वतः सर होतो आणि दुसरा कोणी शंका विचारतो. या फेरीत मुले बहुतेक वेळा चकित होतात, कारण शिक्षकाच्या जागेवर उभे राहिले की शंका विचारणारा मुलगा मूर्ख वाटत नाही, उलट कोणीतरी ऐकत होते याचे बरे वाटते. भूमिकांची अशी अदलाबदल हे व्हिएन्नामध्ये उत्स्फूर्त नाट्याचे प्रयोग करणारे आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले मनोविकारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांच्या मनोनाट्याचे, म्हणजे मनातले प्रसंग करून पाहण्यावर आधारलेल्या उपचारपद्धतीचे, एक मुख्य साधन होते.

तिसऱ्या फेरीत प्रसंग थोडा कठीण करायचा. सर खरोखरच वैतागतात. कोणीतरी खरोखरच फिदीफिदी हसते. आणि तरीही शंका पूर्ण विचारायची. आमच्या मते संपूर्ण सत्रातला हा सर्वांत मोलाचा भाग आहे, कारण ‘कोणी हसणार नाही’ असे आश्वासन आम्ही कोणालाही देऊ शकत नाही. हसले तरी पुढचे वाक्य बोलता येते, एवढे मात्र करून पाहता येते.

शेवटी घरी करायचे एक काम ठरते, आणि ते खऱ्या जगातले असते. एसटी स्टँडवरच्या चौकशी खिडकीत तासगावच्या पुढच्या गाडीची वेळ विचारायची. मारुती रोडवरच्या एखाद्या दुकानात किंमत विचारून काहीही न घेता बाहेर पडायचे. हे दुसरे काम मोठ्यांनाही जड जाते, असे पालक सभेत हसत हसत कबूल करतात.

‘कुबडी टाक’ असे मुले एकमेकांना सांगतात. हा काय प्रकार आहे?

मुलांनी हा शब्द फार लवकर उचलला. भीती वाटत असताना आपण नकळत काही युक्त्या करतो : बोलताना जमिनीकडे पाहणे, वाक्य मनात तीनदा घोकून मगच उच्चारणे, हात थरथरताना दिसू नयेत म्हणून खिशात घालणे, अगदी हळू किंवा भरभर बोलून सुटका करून घेणे, मोबाईलमध्ये डोके घालणे, मैत्रिणीला पुढे करणे. या युक्त्यांनाच आम्ही कुबड्या म्हणतो. १९९५ साली डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी सामाजिक भीती का टिकते याची जी मांडणी केली, तिच्यात या युक्त्यांना मध्यवर्ती स्थान आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे भीती वाटणारा माणूस समोरच्याकडे पाहण्याऐवजी स्वतःकडेच पाहत बसतो, आपण कसे दिसत असू याचे एक भयंकर चित्र मनात रंगवतो आणि त्या चित्रापासून वाचण्यासाठी अशा युक्त्या वापरतो.

या कुबड्यांचे दोन तोटे होतात. पहिला असा की, प्रसंग नीट पार पडला तरी श्रेय कुबडीला जाते. ‘खाली पाहत होतो म्हणून निभावले’. दुसरा तोटा अधिक क्रूर आहे. ज्या युक्तीने आपण अवघडलेपण लपवतो, तीच युक्ती समोरच्याला खटकते. खाली पाहून पुटपुटणारी मुलगी वर्गाला घाबरलेली वाटत नाही, शिष्ट वाटते, आणि मग तिच्याशी खरोखरच कोणी बोलत नाही.

म्हणून आम्ही एकच प्रसंग दोनदा करून घेतो, एकदा कुबडीसकट आणि एकदा तिच्याशिवाय. दुसऱ्या वेळी लक्ष समोरच्याच्या चेहऱ्याकडे ठेवायचे. त्याच्या शर्टाचा रंग कोणता, तो शेवटी काय म्हणाला, हे नंतर सांगायचे. बहुतेक मुलांचा अंदाज असतो की दुसरी वेळ जास्त वाईट जाईल. गटातील बाकीची मुले मात्र दुसऱ्या वेळचेच बोलणे बरे वाटले असे सांगतात.

गट चालवताना आमचाही एकदा पाय घसरला होता. पहिल्या वर्षी आम्ही प्रसंगांसाठी सुंदर संवाद लिहून दिले. मुलांनी ते पाठ केले, छान म्हटले, आम्ही खूश झालो. आणि महिनाभराने लक्षात आले की वर्गात काहीच बदललेले नाही. लिहिलेला संवाद ही आम्हीच हातात दिलेली कुबडी होती.

माझा चेहरा लाल होतो, हात थरथरतात, आवाज चिरकतो. हे सगळ्यांना दिसतेच ना? (एका विद्यार्थिनीचा प्रश्न)

थोडेफार दिसते. तुला वाटते तेवढे दिसत नाही. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले काही प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एकात एका विद्यार्थ्याला लाज वाटेल असा, एका गायकाचा मोठा चेहरा छापलेला टी-शर्ट घालून भरलेल्या खोलीत पाठवले गेले. घालणाऱ्यांचा अंदाज होता की निम्म्या लोकांच्या तरी ते लक्षात येईल. प्रत्यक्षात सुमारे पाव लोकांच्याच लक्षात आले. बाकीचे आपापल्या कामात होते.

थरथरण्याबद्दल एवढे समजून घे की, धोका जाणवला की शरीर अॅड्रिनॅलिन सोडते, हृदय जोरात चालते, तोंडाला कोरड पडते, स्नायू ताठरतात. शर्यतीच्या आधी धावपटूचे हेच होते. ते थांबवण्याचा जितका आटापिटा करशील तितके लक्ष पुन्हा स्वतःकडेच जाईल. हात थरथरू देत, वाक्य पूर्ण कर.

मध्येच शब्द सुचले नाहीत किंवा रडू आले तर?

दोन्ही घडते. शब्द अडला तर आम्ही आठवण करून देत नाही, थोडा वेळ शांत थांबतो. ती शांतता बोलणाऱ्याला मोठी वाटते आणि ऐकणाऱ्याला क्वचितच जाणवते. रडू आले तर प्रसंग थांबतो, पाणी पिऊन होते आणि शिडीवरची एक पायरी खाली उतरून लहान प्रसंग घेतला जातो. त्या दिवशी काहीही न करता घरी पाठवणे मात्र आम्ही टाळतो. ‘आज मी बघणार’ असे म्हणून बाजूला बसण्याची मुभा पहिल्या दोन सत्रांत सर्वांनाच असते.

चिडवणाऱ्या मुलाची भूमिका कोण करतो?

आमच्यापैकी एक जण. विद्यार्थ्याला ही भूमिका आम्ही कधीही देत नाही, कारण खेळातला टोमणा सोमवारी वर्गात खरा होऊन येऊ शकतो, आणि ज्याच्याकडून तो वदवून घेतला त्याच्याही मनाला ते लागते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे गरजेचे आहे. एखाद्या मुलाला खरोखरच कोणी रोज छळत असेल, त्याच्या जातीवरून, अंगकाठीवरून किंवा घरच्या गरिबीवरून टोचून बोलत असेल, तर त्याची भीती चुकीची नाही आणि रोल-प्ले हा तिच्यावरचा इलाज नाही. तेथे शाळेने छळणाऱ्याला थांबवले पाहिजे. धीट होण्याचे ओझे छळ सोसणाऱ्याच्याच डोक्यावर टाकण्यासाठी कोणी आमच्याकडे मूल पाठवले, तर आम्ही ते परत पाठवतो.

आमची मुलगी शांत आहे, सगळे शिक्षक तिचे कौतुक करतात. तिला गटाची काय गरज?

कदाचित नसेलही. पण आमच्या अनुभवात ज्या मुलींचा त्रास सर्वांत उशिरा लक्षात येतो, त्या याच ‘शांत, गुणी’ मुली असतात. मुलगा बोलेनासा झाला की घरात काळजी सुरू होते. मुलगी बोलेनाशी झाली की तिला वळण आहे असे म्हटले जाते. तिला एकदा एवढेच विचारून पाहा की, वर्गात उत्तर येत असताना हात वर करावासा वाटतो का, आणि वाटत असेल तर काय आडवे येते.

मुलगा गावाकडून आला आहे. भाषेला हसतात म्हणून बोलतच नाही.

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात फार येतो. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडची मुले शिक्षणासाठी सांगलीत नातेवाइकांकडे किंवा वसतिगृहात राहतात. ‘आलो व्हतो’, ‘न्हाई’ असे एखादे रूप तोंडून गेले की वर्गात खसखस पिकते; जत भागातल्या काही मुलांच्या घरी तर कन्नडच बोलली जाते आणि मराठी ही त्यांची दुसरी भाषा असते. अशा मुलाला घरचे लोक ‘शुद्ध बोलायला शीक’ असा सल्ला देतात. त्याने काय होते? बोलण्याआधी प्रत्येक शब्द तपासण्याची आणखी एक कुबडी त्याला मिळते.

गटात आम्ही उलट करतो. त्याने ज्या भाषेत विचार येतो त्याच भाषेत बोलायचे. प्रमाण भाषा परीक्षेच्या उत्तरपत्रिकेसाठी लागते आणि ती वेगळी शिकवता येते. पण दुकानदाराशी भाव करायला किंवा मित्राला “माझी वही दे की” म्हणायला तिची गरज नाही. भूमिकांची अदलाबदल येथेही कामी येते. शहरातल्या मुलीला बाजाराच्या दिवशी गावात शेळी विकायला आलेल्या बाईची भूमिका दिली की, अडखळण्याची पाळी कोणाची असते ते सगळ्यांना दिसते.

घरी आम्ही काय करावे?

सर्वांत आधी, मुलाच्या वतीने उत्तर देणे थांबवावे. डॉक्टरांनी मुलाला “काय होतंय?” विचारले की आई बोलू लागते, हॉटेलात वडीलच त्याचा डोसा सांगून टाकतात. हे प्रेमापोटी होते, पण त्यातून मुलाला ‘तुला जमणार नाही’ हेच ऐकू येते. पाच-दहा सेकंद थांबून पाहावे.

याच्या नेमके उलट टोक म्हणजे पाहुण्यांसमोर “अगं, बोल की! तोंड नाही का तुला?” असे म्हणून ढकलणे, किंवा आल्या-गेल्यासमोर कविता म्हणायला लावणे. तयारी नसताना मारलेली अशी उडी धीट करत नाही, पुढच्या वेळी पाहुणे येताच मूल आतल्या खोलीत जाते. भावंडाशी तुलना करू नये, हे वेगळे सांगायला नको. गटातून आल्यावर “कसे झाले?” याऐवजी “आज काय करून पाहिलेस?” असे विचारावे, पहिल्या प्रश्नाला गुण द्यावे लागतात, दुसऱ्याला नाही.

वर्गशिक्षकांनी अशा मुलाला प्रश्न विचारूच नये का?

विचारावा, पण अचानक नव्हे. पूर्ण सूट दिली की टाळण्याला शाळेची मंजुरी मिळते. त्याऐवजी उद्या कोणता परिच्छेद वाचायचा आहे हे आज सांगावे, प्रथम शेजाऱ्याला उत्तर सांगू द्यावे, मग बाकावर बसूनच वर्गाला, आणि काही आठवड्यांनी उभे राहून. परिपाठात पंचांग किंवा दिनविशेष हे छोटे काम आधी द्यावे, बोधकथा नंतर.

दहावीला भाषा विषयांत २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात आणि त्यात तोंडी भाग येतो. तोंडी परीक्षा सर्वांसमोर घेण्याऐवजी बाजूला बोलावून घेणे शक्य असेल, तर पहिल्या चाचणीला तसे जरूर करावे. दुसऱ्या सत्रात मात्र दोन मित्र बसलेले असताना घ्यावी. उत्तर चुकले तर ते चुकले असे साधेपणाने सांगावे. खोटे “वा वा” मुलांना लगेच ओळखू येते.

किती सत्रे लागतात? आणि याचा उपयोग होतो हे कशावरून?

आम्ही बारा शनिवार घेतो, दिवाळीची सुट्टी मध्ये आली तर पुढे ढकलतो. इंग्लंडमधील नाइस या आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेने २०१३ साली मुलांच्या सामाजिक भीतीसाठी, टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्यावर आधारलेली बोधात्मक-वर्तनात्मक, म्हणजे विचार आणि वागणे दोन्हींवर काम करणारी, उपचारपद्धती सुचवली, आणि ती गटात द्यायची असेल तर ९० मिनिटांची ८ ते १२ सत्रे असावीत असे सांगितले. अमेरिकेत शाळेतच राबवण्यासाठी तयार झालेल्या एका कार्यक्रमातही बारा गटसत्रे असतात, आणि जोडीला मोकळ्या स्वभावाच्या शाळकरी मुलांबरोबर बाहेर एकत्र जमण्याचे प्रसंग. रोल-प्ले हा अशा उपचारांचा एक भाग आहे, संपूर्ण उपचार नव्हे. शाळेत आम्ही जे करतो त्याला सराव म्हणणेच योग्य.

प्रगती मोजण्याची आमची पद्धत साधी आहे. बाराव्या सत्रात पहिली शिडी पुन्हा काढतो आणि तेच आकडे नव्याने लिहायला सांगतो. नऊचा शून्य झालेला आम्ही पाहिलेला नाही. नऊचा पाच होतो, आणि पाच असूनही मूल हात वर करते. काही मुलांचे आकडे अजिबात हलत नाहीत, तेव्हा पुढचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

डॉक्टरांकडे केव्हा न्यावे? गोळ्या लागतात का?

मूल शाळेत जाणेच बंद करत असेल, झोप आणि भूक उडाली असेल, ज्या गोष्टींत रस होता त्यातूनही मन निघाले असेल, किंवा घरात मोकळे बोलणारे मूल शाळेत महिनोन्महिने एकही शब्द उच्चारत नसेल, तर गटाची वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावे. तोतरेपणा असेल तर वाचा-उपचारतज्ज्ञ हवा. भीती आणि तोतरेपणा एकमेकांत मिसळलेले असतात, पण उपाय वेगळे आहेत. जगण्याचा कंटाळा आल्याचे किंवा स्वतःला इजा करण्याचे बोलणे कानावर आले, तर त्याच दिवशी न्यावे, ‘नाटक करतोय’ असे म्हणू नये.

गोळ्यांबाबत निर्णय डॉक्टरांचा. नाइसच्या त्याच मार्गदर्शिकेत मुलांना सरसकट औषधे देऊ नयेत असे म्हटले आहे, पण काही मुलांना त्यांची गरज भासते आणि त्यात कमीपणा नाही. सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, चौकशी करता येते. घराबाहेर पडणेच अवघड असेल तर केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही उपलब्ध आहे. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली.

यापेक्षा वक्तृत्व स्पर्धेत किंवा नाट्यशिबिरात घातले तर?

ज्याला आवड आहे त्याने जरूर जावे. मात्र भाषण ही पाठ केलेली, एका दिशेने जाणारी गोष्ट आहे. जिल्हा पातळीवर ढाल मिळवणारी आणि तरीही मधल्या सुट्टीत कोणाशी काय बोलावे हे न कळणारी मुले आम्ही पाहिली आहेत. व्यासपीठावर माइक असतो, वेळ ठरलेली असते, मधेच कोणी प्रश्न विचारत नाही. बाकावर शेजारी बसलेला मुलगा मात्र काहीही विचारू शकतो.

गटात काय झाले हे बाहेर कळते का? व्हिडिओ काढता का?

पालकांची लेखी संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही असल्याशिवाय प्रवेश नाही. गटातले बोलणे गटातच राहते. जिवाला धोका असेल तरच आम्ही पालकांशी बोलतो, आणि हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगितलेले असते. स्वतःला पडद्यावर पाहिल्याने मनातले भयंकर चित्र गळून पडते, हे खरे आहे. म्हणून मुलाची इच्छा असेल तर त्याच्याच पालकांच्या फोनवर एक मिनिटाचे चित्रण होते, ते एकदा पाहिले जाते आणि त्याच्यासमोरच पुसले जाते. शाळेच्या व्हॉट्सअॅप गटावर गटाचा एकही फोटो आजवर गेलेला नाही, उपक्रमाचा अहवाल मागितला गेला तेव्हाही नाही.

आमच्या शाळेत असा गट सुरू करायचा आहे. काय लागेल?

पैसे जवळजवळ लागत नाहीत. दोन मोठी माणसे लागतात, आणि त्यांपैकी किमान एकाने समुपदेशनाचे रीतसर प्रशिक्षण घेतलेले असावे. नाटकाची आवड हे त्याला पर्यायी शिक्षण नव्हे. गुण देणारा शिक्षक गटात नसलेला बरा. आमच्या मराठीच्या शिक्षिका गटातील मुलांच्या वर्गावर नाहीत, हे आम्ही मुद्दाम पाहतो. आठवी आणि दहावीची मुले शक्यतो एकत्र घेऊ नयेत, आणि एकाच वर्गातील फार मुले नसावीत. गटाला ‘भित्र्यांचा गट’ असे नाव पडायला वेळ लागत नाही, म्हणून वेळापत्रकात त्याची नोंद ‘संभाषण सराव’ अशी करावी.

खोली व्हरांड्याच्या टोकाची घ्यावी आणि खिडकीला वर्तमानपत्र लावावे, कारण शनिवारी शाळा सुटल्यावर खिडकीतून डोकावणारी पोरे हमखास येतात. बाक भिंतीला सारून खुर्च्या गोलात मांडाव्यात. पहिल्या दिवशी कोणालाही स्वतःची ओळख करून द्यायला सांगू नये, शेजाऱ्याची द्यायला सांगावी. मध्ये एक भडंगाची मोठी पुडी ठेवावी. हातात काही असले की पहिली दहा मिनिटे निघून जातात, आणि “तिकडे सरकव की” हे पहिले वाक्य आपोआप बोलले जाते.